होड्या ठेवायची जागा जाणार असेल तर: नवख्या सभासदांसाठी मार्गदर्शन

नाशिकमध्ये कयाकिंग किंवा रोइंग, म्हणजे वल्ही मारून होडी चालवण्याचे खेळ, खेळणारे छोटे क्लब बहुधा दुसऱ्याच्या जागेतच वाढतात. कुणाच्या मळ्यातली पत्र्याची शेड, एखाद्या शिक्षणसंस्थेच्या मैदानाचा कोपरा, गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरजवळच्या हॉटेलमागची मोकळी जागा, नाहीतर सार्वजनिक मिळकतीतला वापरात नसलेला हॉल, अशा ठिकाणी होड्या वर्षानुवर्षे राहतात आणि जागेबद्दलचे बोलणे मात्र तोंडीच झालेले असते. मग मालकाच्या घरात वाटणी होते, रस्ता रुंद करायचा ठरतो, बांधकाम सुरू होणार असते किंवा २०२७च्या सिंहस्थाच्या कामांसाठी ती जागा लागणार असते, आणि निरोप येतो की अमुक तारखेपर्यंत जागा मोकळी करून द्यावी. त्या रात्री क्लबच्या व्हॉट्सॲप गटावर आंदोलनापासून न्यायालयापर्यंत सगळ्या सूचना येतात. प्रत्यक्ष धावपळ मात्र ज्याने किंवा जिने ‘मी बघतो’, ‘मी बघते’ असे लिहून टाकलेले असते त्याच्याच गळ्यात पडते, आणि ती व्यक्ती पुष्कळदा क्लबमध्ये नवीन असते. हा लेख तिच्यासाठी आहे.

त्यातले मुख्य सूत्र असे की आधी आपली मागणी चौरस फुटांत आणि तारखेत मांडावी, आणि त्यानंतरच माणसे गोळा करायला निघावे. नुसते ‘आम्हाला पाठिंबा द्या’ म्हणत फिरणाऱ्याला नाशिककर सहसा नाही म्हणत नाहीत. चहा पाजतात, ‘चांगलं काम करताय’ म्हणतात आणि विसरून जातात. ‘आम्हाला दोनशे चौरस फूट कोरडी जागा एक वर्षासाठी हवी आहे, तुमच्या ओळखीत कुणाची बंद शेड आहे का?’ असे विचारले तर तोच माणूस खिशातून फोन काढतो.

पहिले काम: कागद वाचणे

निरोप तोंडी असेल तर तो लेखी मागून घ्यावा. त्यात वाईट दिसण्यासारखे काही नाही, कारण कोणत्याही कार्यालयात किंवा देणगीदाराकडे गेल्यावर पहिला प्रश्न ‘नोटीस कुठे आहे?’ असाच येतो. नोटीस हाती आली की ती कुणी दिली, कोणत्या तारखेला दिली, किती मुदत आहे आणि जागा मुळात कुणाच्या नावावर आहे, या चार गोष्टी एका कागदावर उतरवाव्यात. चौथी गोष्ट क्लबच्या जुन्या सभासदांना ठाऊक असेलच असे गृहीत धरू नये. ज्यांना आपण इतकी वर्षे मालक समजत होतो ते प्रत्यक्षात भाडेकरू किंवा अनेक वारसांपैकी एक असल्याचे अशा वेळीच कळते. शेतजमिनीचा सातबारा महाभूलेखच्या संकेतस्थळावर गट क्रमांकावरून पाहता येतो. शहरात नगर भूमापनाखालील मिळकत असेल तर मिळकत पत्रिका पाहावी. धरणाच्या काठाची पुष्कळशी जमीन जलसंपदा विभागाच्या ताब्यात असते आणि पूर्ण संचय पातळीच्या आतली जागा तर उन्हाळ्यात कितीही मोठी आणि मोकळी दिसली तरी पावसाळ्यात ती पाण्याखालीच जायची असते.

यानंतर जागा कोणत्या प्रकारची आहे त्यावरून पुढची वाट ठरते. लिव्ह अँड लायसन्सचा नोंदणीकृत करार असेल तर त्यातील मुदत आणि पूर्वसूचनेचे कलम वकिलाला दाखवावे. सार्वजनिक मिळकत असेल तर नोटिशीला मुदतीत लेखी उत्तर देणे अत्यंत महत्त्वाचे आहे. ते उत्तर दोन ओळींचे असले तरी चालेल, पण ते गेलेच पाहिजे, कारण नंतर ‘संस्थेने काहीच म्हणणे मांडले नाही’ असा शेरा फाइलवर आला की तो पुसणे कठीण जाते. जागा एखाद्याच्या चांगुलपणावर मिळालेली असेल, तर माझे स्पष्ट मत असे आहे की हक्काची भाषा करू नये. ज्याने दहा वर्षे शेड फुकट वापरू दिली त्याच्याशी क्लब भांडला, ही गोष्ट गंगापूर रोडपासून त्र्यंबक रोडपर्यंत आठवड्याभरात पसरते, आणि पुढचा जागामालक दार उघडण्याआधी दहा वेळा विचार करतो. अशा मालकाकडे मुदतवाढ मागावी आणि ती नेमक्या तारखेची मागावी. ‘पावसाळा संपेपर्यंत’ याचा अर्थ प्रत्येकजण वेगळा घेतो, ‘३१ ऑक्टोबरपर्यंत’ याचा घेत नाही.

दुसरे काम: होड्या मोजणे

हा भाग कंटाळवाणा वाटतो आणि म्हणून बहुतेक क्लब तो टाळतात, पण सगळ्या मोहिमेचा पाया हाच आहे. एका रविवारी सकाळी सर्व होड्या बाहेर काढाव्यात, टेप, खडू आणि वही घ्यावी, आणि प्रत्येक होडीची लांबी, रुंदी, अंदाजे वजन, मालकी आणि अवस्था लिहावी. मालकी हा रकाना विसरू नये. क्लबच्या मानल्या जाणाऱ्या होड्यांपैकी काही एखाद्या जुन्या सभासदाच्या असतात, काहींचा मालक परदेशी गेलेला असतो आणि एखादी तर कुणाचीच नसते. तळाला तडा गेलेली, आत चिखल वाळून बसलेली, मधमाश्यांनी किंवा उंदरांनी ताब्यात घेतलेली होडी ‘दुरुस्त करू’ म्हणून ठेवलेली असते. ती याच दिवशी भंगारात द्यावी किंवा लिहून ठेवून दान करावी. मोजणीनंतर लागणारी जागा बरीच कमी भरते, हा फायदा तर लगेच दिसतो.

मापांचा अंदाज नवख्यांना असावा म्हणून थोडे सांगतो. शर्यतीची एकआसनी कयाक ५.२ मीटरपर्यंत लांब असते आणि एका माणसाला खांद्यावर सहज नेता येते. दोनआसनी ६.५ मीटरपर्यंत आणि चारआसनी ११ मीटरपर्यंत जाते. रोइंगची एकआसनी होडी मात्र जवळपास आठ मीटर लांब आणि जेमतेम चौदा किलोंची असते. हौशी मंडळी वापरतात त्या प्लॅस्टिकच्या, वर बसायच्या कयाक तीन ते चार मीटरच्या असल्या तरी वजनाला पंचवीस-तीस किलोंपर्यंत भरतात आणि त्या उचलायला दोघे लागतात. याचा अर्थ असा की आपल्याला प्रशस्त जागा लागत नाही, लांबट जागा लागते. सहा मीटर लांब आणि तीन मीटर रुंद अशा खोलीत दोन्ही लांब भिंतींना चार-चार कप्प्यांचे लोखंडी रॅक लावले तर आठ एकआसनी कयाक बसतात, मधून माणसाला होडी घेऊन चालता येते आणि वल्ही व लाइफ जॅकेट टांगायला मागची भिंत उरते. हे क्षेत्रफळ सुमारे दोनशे चौरस फूट होते. दोन चारचाकी लावायच्या जागेपेक्षा ते फार मोठे नाही, आणि नोटीस आलेल्या शेडचे क्षेत्रफळ याच्या चौपट असले तरी त्यातली किती जागा खरोखर वापरात होती हे मोजल्याशिवाय कुणालाच सांगता येत नाही.

दार कुठे आहे हे क्षेत्रफळाइतकेच महत्त्वाचे आहे. साडेपाच मीटरची होडी बोळातून काटकोनात वळत नाही, म्हणून दार अरुंद बाजूला आणि समोर सरळ मोकळे अंगण असेल तर उत्तम. नाशिकचा उन्हाळा चाळिशी गाठतो आणि उघड्या उन्हात ठेवलेली प्लॅस्टिकची होडी मऊ पडून वाकते. पत्र्याला लागून सर्वांत वरच्या कप्प्यात ती ठेवली तरी तोच धोका असतो. म्हणून वर सावली आणि बाजूने वारा, एवढे तरी हवेच. कयाक रॅकवर पालथी किंवा कुशीवर ठेवावी आणि आधार दोन्ही टोकांपासून साधारण पाव लांबीवर द्यावा, हेही याच वहीत लिहावे, कारण नवी जागा देणारा ‘नुसत्या एकावर एक रचून ठेवा की’ असे हमखास सुचवतो.

जागा पाण्याला लागून असलीच पाहिजे का, हा प्रश्न क्लबने स्वतःला प्रामाणिकपणे विचारावा. जुने सभासद ‘हो’ म्हणतील. मला तसे वाटत नाही. गोदावरीच्या काठाने निळी आणि लाल अशा दोन पूररेषा आखलेल्या आहेत. निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची आणि लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची मानली जाते. पात्रापासून निळ्या रेषेपर्यंतचा पट्टा निषिद्ध क्षेत्रात मोडतो, त्यामुळे तिथे पक्की शेड मागणारा अर्ज पहिल्याच टेबलावर अडतो. शिवाय २००८, २०१६ आणि २०१९चे पूर ज्यांनी पाहिले आहेत त्यांना गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठवर पाणी चढले की काठावरच्या कोणत्या वस्तू वाहून जातात हे वेगळे सांगावे लागत नाही. पूररेषेच्या बाहेर, पाण्यापासून थोड्या अंतरावर असलेली कोरडी शेड आणि सोबत दोन चाकांची ट्रॉली ही जोडी अनेक क्लबांना पुरेशी आहे. बॅकवॉटरवर वल्हवणाऱ्यांना तर उन्हाळ्यात पाणी मागे सरकले की होडी बरीच लांब न्यावीच लागते.

तिसरे काम: एका पानाचे टिपण

मोजणी झाली की एका पानात मावेल असे टिपण मराठीत तयार करावे. दुसरे पान जोडले की पहिलेही वाचले जात नाही, हा कार्यालयांतला अनुभव आहे. टिपणात क्लब कोणता, कधीपासून चालतो, किती माणसे नियमित येतात आणि त्यांत मुले-मुली किती, जागा कोणत्या तारखेला जाणार आहे आणि आपल्याला नेमके काय हवे आहे, एवढे असावे. मागणीचे वाक्य ठळक आणि एकच असावे. उदाहरणार्थ: ‘क्लबच्या आठ होड्या व सुरक्षा साहित्य ठेवण्यासाठी किमान सहा मीटर लांबीची, छत असलेली व कुलूप लावता येईल अशी सुमारे दोनशे चौरस फूट जागा बारा महिन्यांसाठी वाजवी भाड्याने मिळावी.’ यापुढे आपण काय देणार ते लिहावे, म्हणजे भाडे किती परवडेल, विजेचे बिल कोण भरणार, जागेची झाडलोट कोण करणार आणि किल्ली कुणाकडे राहणार. घेणाऱ्याने देण्याचेही लिहिले की वाचणाऱ्याचा सूर बदलतो.

आकडे फुगवू नयेत. गटावर दोनशे क्रमांक असतील आणि रविवारी पंधरा जण येत असतील तर पंधरा लिहावे. तपासणीला आलेला क्रीडा अधिकारी किंवा वार्ताहर रविवारीच येतो.

या टिपणात जिल्ह्याचा एक अभिमानाचा संदर्भ देण्याजोगा आहे. चांदवड तालुक्यातील तळेगाव रोहीचे दत्तू भोकनळ यांनी २०१६च्या रिओ ऑलिंपिकमध्ये रोइंगच्या एकेरी प्रकारात तेरावे स्थान मिळवले आणि २०१८च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत चौघांच्या प्रकारात ते सुवर्णपदक विजेत्या भारतीय संघात होते. दुष्काळी पट्ट्यातल्या या तरुणाच्या हाती वल्हे आले ते सैन्यात भरती झाल्यावर. जिल्ह्यातल्या पुढच्या मुलाला किंवा मुलीला ते शाळेच्या वयात इथेच मिळावे, हा युक्तिवाद खरा आहे आणि कुणालाही पटतो. मात्र त्यांचा फोटो छापून किंवा ‘त्यांचा पाठिंबा आहे’ असे सुचवून त्यांच्या संमतीविना वापर करू नये.

एक इशारा येथेच देतो. टिपण भारदस्त व्हावे म्हणून ‘पुराच्या वेळी आमचे सभासद बचावकार्य करतील’ असे लिहिण्याचा मोह होतो. गंगापूरमधून विसर्ग वाढल्यावर गोदावरीच्या पुरात कयाक घालणे हे हौशी माणसाचे काम नाही. ते अग्निशमन दलाचे आणि प्रशिक्षित जीवरक्षकांचे काम आहे. त्याऐवजी करता येईल तेच सांगावे: पाणवेली काढण्याच्या मोहिमेत होड्या आणि माणसे, शाळांसाठी पाण्यातील सुरक्षिततेचे धडे, लाइफ जॅकेट कसे बांधावे याचे प्रात्यक्षिक. आपल्या होड्यांना इंजिन नसते आणि इंधनाचा थेंब पाण्यात जात नाही, हा मुद्दा मात्र जरूर घालावा, कारण शहराच्या पिण्याच्या पाण्याचा मोठा हिस्सा गंगापूर धरणातूनच येतो.

पैसे गोळा करण्याआधी

क्लबची नोंदणी आहे का, हे वर्गणीची पहिली पावती फाडण्याआधी पाहावे. संस्था नोंदणी अधिनियम, १८६०नुसार किमान सात जणांना मिळून संस्था नोंदवता येते आणि महाराष्ट्रात ती सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली धर्मादाय कार्यालयातही नोंदली जाते. नोंदणी असेल तर कार्यकारिणीतील बदलांचा अर्ज दाखल झालेला आहे ना, हेही विचारावे. तो नव्वद दिवसांत द्यायचा असतो आणि बहुतेक छोट्या संस्थांचा थकलेला असतो. कागदावर अध्यक्ष एक आणि पत्रावर सही दुसऱ्याची, अशा स्थितीत करार करायला कुणी धजावत नाही. नोंदणी नसलेल्या गटांना सार्वजनिक वर्गणीसाठी सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१क अन्वये परवानगी घ्यावी लागते. गणेशोत्सव मंडळात काम केलेला एखादा सभासद क्लबमध्ये असेलच आणि त्याला ही वाट पाठ असते. कोणत्याही परिस्थितीत क्यूआर कोड एखाद्या सभासदाच्या खासगी खात्याचा लावू नये.

सातपूर-अंबडच्या कारखानदारांकडे सीएसआरसाठी, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीच्या निधीसाठी, जाण्याची कल्पना हटकून निघते. कंपनी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात ऑलिंपिक खेळांच्या प्रशिक्षणाचा समावेश आहे आणि रोइंग व कयाकिंग हे दोन्ही ऑलिंपिक खेळ आहेत, म्हणजे विषय बसतो. पण ही तरतूद ठराविक आकाराच्या वरच्या कंपन्यांनाच लागू होते आणि निधी घेणाऱ्या संस्थेकडे सीएसआर-१ नोंदणी, प्राप्तिकर कायद्याखालील १२ए व ८०जी नोंदण्या आणि कामाचा तीन वर्षांचा इतिहास लागतो. दोन महिन्यांच्या मुदतीत हे जमत नाही. त्याच कारखानदाराकडे लोखंडी अँगल, वेल्डिंग करून देणारा माणूस किंवा गोदामातला वापरात नसलेला कोपरा मागावा. निमा किंवा आयमासारख्या उद्योजकांच्या संघटनांमार्फत असा निरोप लवकर फिरतो.

चौथे काम: माणसांकडे जाणे

पाठिंबा देणारे सगळे एकसारखे नसतात आणि प्रत्येकाकडे वेगळी गोष्ट मागायची असते. सर्वांत आधी क्लबमधल्या मुलांचे आईवडील. त्यांच्याकडून सही घेऊ नये, पत्र घ्यावे. छापील मजकुराखाली घेतलेल्या तीनशे सह्यांपेक्षा ‘माझी मुलगी आठवीत आहे, आठवड्यातून तीन सकाळी पाण्यावर जाते, शेड बंद झाली तर तिचा सराव थांबेल’ असे स्वतःच्या अक्षरात लिहिलेले आणि खाली प्रभाग लिहिलेले एक पान नगरसेवकासमोर जास्त वजनाचे ठरते. ऑनलाइन याचिकेवर पुण्या-मुंबईच्या मित्रांच्या सह्या मिळतात, पण नगरसेवकाला आपल्या प्रभागातले मतदार किती हेच पाहायचे असते. पत्रांवरचे मोबाइल क्रमांक झाकल्याशिवाय त्यांची छायाचित्रे गटांवर टाकू नयेत, विशेषतः मुलांच्या बाबतीत.

दुसरे वर्तुळ नदीशी रोज संबंध असलेल्यांचा. गोदापार्कवर सकाळी फिरायला येणारे ज्येष्ठ नागरिक, पोहणारे, महाविद्यालयांचे क्रीडाशिक्षक, आणि बॅकवॉटरकडे गंगावऱ्हे-सावरगाव भागातले ग्रामस्थ. ग्रामपंचायतीच्या हद्दीत जागा पाहायची असेल तर आधी सरपंचांना भेटावे. गावातली दोन मुले क्लबमध्ये विनाशुल्क शिकतील असे तिथे सांगता आले तर बैठकीचा रंगच पालटतो. मासेमारी करणाऱ्या मंडळींना तर प्रत्यक्ष भेटायलाच हवे. त्यांची जाळी कुठे लागतात, कोणत्या वेळेला लागतात, हे विचारले आणि पाळले तर ते मित्र होतात. न विचारता होड्या घातल्या तर पहिली तक्रार त्यांचीच जाते आणि ती रास्त असते.

पक्षिनिरीक्षकांशीही असेच. हिवाळ्यात बॅकवॉटरवर स्थलांतरित पक्षी येतात आणि नांदूरमध्यमेश्वर २०२०मध्ये राज्यातले पहिले रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) झाल्यापासून जिल्ह्यात या विषयाची जाण वाढली आहे. त्या महिन्यांत कोणत्या उथळ कडेला जायचे नाही हे त्यांच्याकडूनच नकाशावर आखून घ्यावे आणि तो नकाशा टिपणाला जोडावा. ज्यांच्याकडून विरोध येईल असे वाटते त्यांच्याकडे आधी जाणे, हा या कामातला सर्वांत फलदायी तास असतो, असे माझे मत आहे.

भेटीला दोघांनी जावे. एकाने बोलावे आणि दुसऱ्याने लिहून घ्यावे: कुणी काय कबूल केले, कधीपर्यंत, पुन्हा फोन कुणी करायचा. ‘बघतो’ या उत्तराला तारीख मागावी. ‘मग मी पुढच्या गुरुवारी फोन करू का?’ असे नम्रपणे विचारले तर कुणाला राग येत नाही.

पाचवे काम: कार्यालये

शरणपूर रोडवरच्या राजीव गांधी भवनात (महापालिकेच्या मुख्यालयात), जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांकडे किंवा जलसंपदा विभागात अर्ज देताना दोन प्रती न्याव्यात आणि आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख व आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये. पोच नसलेला अर्ज दिलाच नव्हता असे समजावे. अर्जात एकच विषय असावा. जागेची मागणी, नोटिशीबद्दलची तक्रार आणि क्रीडा अनुदानाची विचारणा एकाच पत्रात कोंबली की ते पत्र तीन विभागांत फिरत राहते.

नदीकाठच्या जागेबद्दल विचारले तर सध्या एक उत्तर ठरलेले आहे: ‘सिंहस्थ झाल्यावर बघू.’ ते टोलवाटोलवीचे वाटले तरी त्यात तथ्य आहे, कारण घाट, रस्ते आणि वाहनतळ यांची कामे २०२७पर्यंत काठावरच व्हायची आहेत. अधिकाऱ्याशी वाद न घालता आपण दोन भाग करावेत: आता काठापासून दूर तात्पुरती साठवण, आणि सिंहस्थानंतर काठावरच्या जागेचा विचार व्हावा यासाठी वेगळा अर्ज, जो आजच आवक होऊन फाइलमध्ये राहील.

दाद लागत नसेल तर लोकशाही दिनाचा मार्ग आहे. तो महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयात आणि महापालिकेत होतो, अर्ज विहित नमुन्यात पंधरा दिवस आधी द्यावा लागतो आणि न्यायप्रविष्ट प्रकरणे तिथे घेत नाहीत. त्यामुळे घाईने दावा दाखल केला तर हा दरवाजा बंद होतो, हे आधी लक्षात घ्यावे. आपली जागा नेमकी कोणत्या ठरावाने दुसऱ्या कामासाठी दिली गेली किंवा परिसरात कोणत्या सार्वजनिक मिळकती रिकाम्या आहेत, हे जाणून घ्यायचे असेल तर माहिती अधिकाराचा अर्ज करावा. दहा रुपयांचे कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय आणि दीडशे शब्दांच्या आत मजकूर, अशी राज्याच्या नियमांची चौकट आहे. उत्तरासाठी तीस दिवस असतात. ‘आमच्यावर अन्याय का केला?’ असे विचारू नये. ‘अमुक मिळकतीच्या वापराबाबतच्या ठरावाची प्रत द्यावी’ असे मागावे. कायदा कागद मिळवून देतो, स्पष्टीकरण मिळवून देत नाही.

वर्तमानपत्रे आणि मोर्चा

‘देशदूत’, ‘गांवकरी’ यांसह सगळ्या दैनिकांच्या शहर पानांना अशी बातमी आवडते, पण ती कधी द्यायची हे क्लबने ठरवावे. मालकाशी किंवा अधिकाऱ्याशी बोलणी चालू असताना आलेली बातमी बोलणी मोडते. अर्जाची पोच हातात आल्यावर आणि ठराविक दिवस वाट पाहिल्यावर ती द्यावी. सोबत रिकाम्या शेडचा उदास फोटो देण्यापेक्षा पाण्यावरच्या मुलांचा, सर्वांनी लाइफ जॅकेट घातलेला फोटो द्यावा. एका जरी मुलाच्या अंगावर जॅकेट नसेल तर वाचकांची पत्रे जागेबद्दल न येता त्याबद्दलच येतील. जागामालकाचे नाव बातमीत येणार नाही याची काळजी क्लबने घ्यावी.

मोर्चा, धरणे किंवा होड्यांची फेरी यांबद्दल थोडक्यात एवढेच, की शहरात महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खालील मनाई आदेश वारंवार लागू असतात, त्यामुळे पोलिसांची परवानगी घेतल्याशिवाय जमू नये. पाण्यावरची फेरी असेल तर संबंधित विभागाचीही परवानगी लागते. पावसाळ्यात विसर्ग चालू असताना ती काढूच नये.

दरम्यान होड्या कुठे ठेवायच्या

पाठिंबा मिळेपर्यंत तारीख थांबत नाही. म्हणून मोहीम सुरू होते त्याच आठवड्यात होड्यांची तात्पुरती विभागणी ठरवावी. छोट्या प्लॅस्टिकच्या कयाक सभासदांच्या इमारतींच्या पार्किंगमध्ये भिंतीला टांगता येतात, पण त्यासाठी सोसायटीच्या कमिटीचे लेखी पत्र घ्यावे, नाहीतर वार्षिक सभेत तो वाद आपल्याच माणसाच्या अंगावर येतो. लांब आणि नाजूक होड्या एखाद्या मळ्यातल्या कांद्याच्या रिकाम्या चाळीत चांगल्या राहतात, कारण चाळ लांबट असते, वारा खेळता असतो आणि वर छप्पर असते. मात्र नवा कांदा भरायचा हंगाम आला की ती मोकळी करून द्यावीच लागेल, हे शेतकऱ्याशी आधीच बोलावे. कोणती होडी कुणाकडे गेली, कोणत्या अवस्थेत गेली, याची वही ठेवावी आणि दोन्ही बाजूंनी फोटो काढावेत. लाइफ जॅकेट ओले गुंडाळून ठेवू नयेत. त्यांना बुरशी लागते आणि पट्टे कुजतात. जूनच्या आत स्थलांतर उरकता आले तर बरेच, कारण पावसात सहा मीटरची होडी गाडीच्या टपावर बांधून नेण्याचा उद्योग ज्याने केला आहे तो दुसऱ्यांदा करत नाही.

जागा मिळाल्यावर

जागा मिळाली की आनंदाच्या भरात किल्ली घेऊन मोकळे होण्याची सवय मोडावी. मुदत, भाडे, वीज, कुलूप, रॅक भिंतीत ठोकायची परवानगी आणि जागा सोडताना किती दिवसांची पूर्वसूचना द्यायची, हे लिहून घ्यावे. ओळखीतली जागा असली तरी लिहावे; ओळखीतली असेल तर अधिक लिहावे. करारावर क्लबच्या ज्या पदाधिकाऱ्यांची सही होईल त्यांची नावे धर्मादाय कार्यालयातल्या नोंदीशी जुळतात ना, ते पाहावे. ज्यांनी ज्यांनी पत्रे दिली, जागा सुचवल्या, अर्ज पुढे सरकवला त्यांना काम झाल्याचे कळवावे, कारण ‘पुढे काय झालं?’ हे ज्याला कळवले जात नाही तो पुढच्या वेळी फोन उचलत नाही.

आणि जुनी जागा झाडून, रॅकची भोके बुजवून, विजेचे शेवटचे बिल भरून मालकाच्या ताब्यात द्यावी. ताबा दिल्याची आणि काही येणे बाकी नसल्याची दोन ओळींची पावती त्यांच्या सहीने घ्यावी. नव्या जागेचा मालक जुन्या मालकाला फोन करून विचारतोच.